पक्षाघातानंतर हालचाल आणि बोलणं परत मिळवण्याचं संशोधन : घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या किंवा पूर्ण शुद्धीत असूनही बोलता न येणाऱ्या माणसाच्या घरी मेंदूतल्या चिपची बातमी हमखास पोचते. कुणीतरी व्हिडिओ पाठवतं आणि घरात आशेची, शंकांची चर्चा सुरू होते. त्या चर्चेत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं बरीचशी अमेरिकेतल्या ब्रेनगेट या, मेंदूत इलेक्ट्रोड (विद्युत संकेत टिपणारी बारीक टोकं) बसवून केलेल्या अभ्यासाभोवती फिरतात, कारण माणसांवर इतकी वर्षं चाललेले असे अभ्यास थोडेच आहेत आणि त्याचे निकाल धोक्यांच्या हिशेबासकट छापून आलेले आहेत.

मेंदू शाबूत आहे म्हणतात, मग हात का हलत नाही?

हात हलवायची आज्ञा मेंदूच्या वरच्या भागातल्या एका पट्ट्यात तयार होते. तिथून ती मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या देठासारख्या भागातून, खाली मज्जारज्जूत उतरते आणि मग नसांवाटे स्नायूपर्यंत जाते. अपघातात मानेतला मज्जारज्जू चेपला गेला, मस्तिष्कस्तंभात रक्ताची गुठळी अडकली किंवा एएलएससारख्या आजारात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशीच मरत गेल्या, की आज्ञा पोचत नाही. गावात वीज आहे, घरातला दिवाही चांगला आहे, पण मधली तार तुटली आहे, असा हा प्रकार.

वर्षानुवर्षं न वापरल्यावर मेंदूचा तो भाग आज्ञा देणं विसरून जात असेल, अशी भीती पूर्वी संशोधकांनाही होती. २००६ साली ‘नेचर’मध्ये लेह हॉकबर्ग, जॉन डोनॉहू आणि सहकाऱ्यांचा लेख आला तेव्हा ती बरीच ओसरली. मानेवर चाकूचा वार होऊन हातपाय गेलेल्या एका तरुणाच्या मेंदूत त्यांनी २००४ साली इलेक्ट्रोडची बारीक जाळी बसवली होती. दुखापतीला तीन वर्षं झाली होती. हात हलवायचा नुसता प्रयत्न करायला सांगितलं की त्याच्या मेंदूतल्या पेशी लगेच कामाला लागायच्या. त्या संकेतांवर त्याने पडद्यावरचा बाण हलवला, ईमेल उघडले, टीव्हीचा आवाज कमीजास्त केला. या क्षेत्रात पुढे जे काही झालं ते या एका शोधावर उभं आहे, असं मला वाटतं.

डोक्यात नेमकं काय बसवतात?

सुमारे ४ मिलिमीटर लांबी-रुंदीचा एक चौकोन. त्यावर शंभरेक बारीक सुया, प्रत्येक दीडेक मिलिमीटर लांब. कवटी उघडून तो मेंदूच्या पृष्ठभागात रोवतात. सुया आजूबाजूच्या पेशींचे विद्युत संकेत टिपतात. तिथून निघालेली वायर डोक्यावर बसवलेल्या एका छोट्या जोडणीपर्यंत येते आणि पुढे संगणकापर्यंत जाते. संगणक त्या संकेतांचा अर्थ लावायला शिकतो. त्यासाठी आधी त्या व्यक्तीला ‘हात उजवीकडे नेण्याचा प्रयत्न करा’, ‘हे वाक्य बोलण्याचा प्रयत्न करा’ अशा सूचना देऊन सराव करून घेतात.

डोक्यातून बाहेर आलेली ही जोडणी बघून घरचे दचकतात, आणि ते साहजिक आहे. वायरऐवजी त्याच जोडणीवर बसणारा बिनतारी प्रक्षेपक ब्रेनगेटच्या गटाने २०२१ मध्ये दाखवला. पूर्णपणे त्वचेखाली राहणारी उपकरणंही आता माणसांवर तपासली जात आहेत. न्यूरालिंक या कंपनीने पहिली शस्त्रक्रिया जानेवारी २०२४ मध्ये केली. त्यात १,०२४ इलेक्ट्रोड केसांहून बारीक धाग्यांवर असतात. त्या पहिल्या व्यक्तीच्या मेंदूतून काही धागे नंतर मागे सरकले, हे कंपनीनेच सांगितलं. सिंक्रॉन या दुसऱ्या कंपनीचा मार्ग निराळा आहे. मानेतल्या शिरेतून जाळीदार नळी वर सरकवत नेऊन मेंदूलगतच्या रक्तवाहिनीत बसवायची. कवटी उघडावी लागत नाही, पण इलेक्ट्रोड फक्त १६ असतात आणि ते पेशींपासून लांब राहतात, त्यामुळे मिळणारे संकेतही मोजकेच.

मनातले विचार वाचतात का?

नाही. बसवलेली जागा हालचालीच्या प्रयत्नाशी जोडलेली असते. ओठ, जीभ, हात हलवायचा प्रयत्न झाला की तिथे संकेत उमटतात. तुमच्या आईला मनात सुनेचा राग आला असेल, तर तो पडद्यावर येणार नाही. मनातल्या मनात उच्चारलेले शब्द काही प्रमाणात ओळखता येतात का, यावर आता संशोधन चालू आहे, आणि नको असलेलं बाहेर पडू नये यासाठी कुलूप कसं ठेवायचं याचाही विचार त्याच कामात होतो आहे. हा प्रश्न विचारणाऱ्यांना कुणी हसू नये. तो विचारायलाच हवा.

कुणाचा हात खरंच हलला का?

हो, पण कसा ते नीट समजून घ्या.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मस्तिष्कस्तंभाच्या झटक्याने (स्ट्रोकने) हातपाय आणि वाचा गेलेल्या एका बाईंनी मेंदूच्या संकेतांवर यंत्रहात हलवला, कॉफीची बाटली उचलून तोंडाशी आणली आणि नळीने घोट घेतला. झटका येऊन जवळजवळ १५ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत स्वतःच्या इच्छेने, दुसऱ्याच्या हाताशिवाय घेतलेला तो पहिला घोट होता. हात मात्र यंत्राचा होता.

स्वतःचा हात हलण्याची गोष्ट २०१७ ची, क्लीव्हलंडची. बोलू अजिबोये आणि सहकाऱ्यांनी सायकल अपघातात मानेखाली लुळ्या झालेल्या एका गृहस्थांच्या मेंदूत दोन जाळ्या बसवल्या आणि दंडात-हातात ३६ इलेक्ट्रोड. मेंदूतला संकेत संगणकाने वाचायचा आणि त्याप्रमाणे स्नायूंना विजेचे हलके झटके द्यायचे. तुटलेल्या मज्जारज्जूला वळसा घालून आज्ञा पोचली. खांदा उचलून धरायला यंत्राचा आधार लागत होता, हालचाल मंद होती. तरी त्यांनी स्वतःच्या हाताने कॉफी प्यायली आणि काट्याने बटाट्याचा लगदा खाल्ला. उपकरण बंद केलं की हात पुन्हा निश्चल. म्हणजे हा आजारावरचा इलाज झाला नाही, पण त्या गृहस्थांना जेवणाचा घास मिळाला.

आणि चालणं?

सगळ्यात जास्त विचारला जातो तो हाच प्रश्न, आणि बहुतेक वेळा घरचे विचारतात. रुग्णांना स्वतःला काय हवं असतं? २००४ साली किम अँडरसन यांनी मज्जारज्जूची दुखापत झालेल्या ६८१ जणांना हे विचारलं होतं. हातपाय दोन्ही गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी हातांचा वापर सर्वांत वर ठेवला. फक्त पाय गेलेल्यांत सर्वाधिक लोकांनी लैंगिक क्षमता पहिली सांगितली. लघवी-शौचावरचं नियंत्रणही दोघांच्या यादीत वर होतं. आपल्या घरांत हे विषय बोललेच जात नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

चालण्याचं काम प्रामुख्याने स्वित्झर्लंडमध्ये लोझानला ग्रेग्वार कुर्तीन आणि शल्यविशारद जोसलीन ब्लॉक यांनी केलं आहे. कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोडची पट्टी बसवून, पाऊल उचलण्याच्या क्रमाने विजेची स्पंदनं द्यायची. २०२३ मध्ये त्यांनी त्याला मेंदूतले संकेत जोडले. कवटीत दोन उपकरणं, प्रत्येकात ६४ इलेक्ट्रोड, आणि त्यांचा पाठीतल्या पट्टीशी बिनतारी दुवा. हा प्रयोग ज्यांच्यावर झाला ते गृहस्थ कुबड्या घेऊन चालले, पायऱ्या चढले. काही काळाच्या सरावानंतर उपकरण बंद असतानाही त्यांना थोडं चालता येऊ लागलं. पण त्यांच्या मज्जारज्जूला झालेली इजा अपूर्ण होती, काही तंतू शिल्लक होते. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

याच गटातून निघालेलं एक बिनशस्त्रक्रियेचं तंत्र मला जास्त आश्वासक वाटतं. मानेवर त्वचेवरूनच विद्युत उत्तेजन द्यायचं आणि सोबत हातांचा कसून व्यायाम. २०२४ मध्ये ६० जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७२ टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि वापर दोन्ही सुधारले, दुखापत जुनी असूनही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या उपकरणाला परवानगी दिली. मूठ थोडी जास्त घट्ट आवळता येणं बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. ज्याला स्वतःचा पेला धरता येत नाही त्याला विचारा.

बोलणं कितपत परत येतं?

गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी झेप इथेच आहे.

सुरुवात लिहिण्यापासून झाली. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या फ्रँक विलेट, जेमी हेंडरसन आणि कृष्णा शेणॉय यांच्या गटाने मज्जारज्जूच्या दुखापतीने हात गेलेल्या एका गृहस्थांना कागदावर पेनाने लिहीत असल्याची कल्पना करायला सांगितलं. त्या प्रयत्नातून अक्षरं ओळखली गेली, मिनिटाला ९०. त्यांच्या वयाची माणसं मोबाईलवर साधारण ११५ अक्षरं टाइप करतात, त्यावरून वेगाचा अंदाज यावा. मग २०२३ मध्ये त्याच गटाने एएलएस झालेल्या एका बाईंच्या बोलण्याच्या प्रयत्नातून मिनिटाला ६२ शब्द काढले. चुका मात्र बऱ्याच होत्या. सव्वा लाख शब्दांच्या संग्रहातून दर चार शब्दांमागे जवळपास एक चुकत होता. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत एडवर्ड चँग यांच्या गटाने मेंदूत सुया न रोवता, पृष्ठभागावर २५३ इलेक्ट्रोड ठेवून मिनिटाला ७८ शब्दांचा वेग गाठला आणि पडद्यावरच्या चेहऱ्यातून ते शब्द बोलवले.

ऑगस्ट २०२४ मधला कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस इथला निकाल वाचून मी थक्क झालो. एएलएसमुळे ज्यांचं बोलणं फक्त सवयीच्या माणसांनाच कसंबसं कळायचं, अशा ४५ वर्षांच्या गृहस्थांच्या मेंदूत डेव्हिड ब्रँडमन यांनी चार जाळ्या, मिळून २५६ इलेक्ट्रोड बसवले. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासाच्या सरावानंतर ५० शब्दांच्या संग्रहात अचूकता ९९.६ टक्के. पुढे सव्वा लाख शब्दांच्या संग्रहासह ती ९७.५ टक्क्यांवर स्थिरावली आणि महिनोन् महिने टिकली. वेग मिनिटाला सुमारे ३२ शब्द. वाक्य पूर्ण झालं की संगणक ते त्यांच्याच आवाजात म्हणायचा, आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून तयार केलेल्या आवाजात. आठेक महिन्यांत त्यांनी २४८ तासांहून अधिक वेळ आपल्या मर्जीने, आपल्या विषयांवर गप्पा मारल्या.

त्यातही एक उणीव होती. वाक्य संपेपर्यंत आवाज निघत नसे, म्हणून मध्येच बोलता येत नव्हतं, सूर लावता येत नव्हता. त्याच प्रयोगशाळेतल्या मैत्रेयी वैरागकर, सर्गेई स्ताविस्की आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये त्यावर काम प्रसिद्ध केलं. शब्दांचा टप्पा वगळून मेंदूच्या संकेतांतून थेट आवाज, सेकंदाच्या चाळिसाव्या भागाइतक्या वेळात. त्या गृहस्थांना प्रश्नाचा सूर काढता आला, एखाद्या शब्दावर जोर देता आला, साधी धून गुणगुणता आली. ऐकणाऱ्यांना सुमारे ६० टक्के शब्द कळले. उपकरणाशिवाय हेच प्रमाण ४ टक्के होतं. ६० टक्के पुरेसे नाहीत, पण नातवाला ‘होऽऽ?’ म्हणून चिडवायला सूर लागतोच.

हे मराठीत होईल का?

मेंदूतला जो भाग वाचला जातो तो जीभ-ओठ-घशाच्या हालचालींचा आहे, आणि त्या हालचाली कुणा एका भाषेच्या मालकीच्या नाहीत. त्यामुळे तत्त्वतः अडचण नाही. चँग यांच्या गटाने २०२४ मध्ये एकाच व्यक्तीत स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही ओळखून दाखवल्या आहेत.

अडचण पुढच्या टप्प्यात आहे. बहुतेक यंत्रणा आधी ध्वनी ओळखतात आणि मग भाषेच्या प्रारूपावरून शब्द ठरवतात. आपल्याला ळ आणि ण लागतील. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च लिहायला एक असले तरी जीभ वेगळी लागते, हे यंत्राला शिकवावं लागेल. ‘घरातल्यांसाठीसुद्धा’ यासारखे प्रत्ययांनी लांबलेले शब्द शब्दसंग्रहात कसे बसवायचे, हाही प्रश्न आहेच. हे काम आपल्याकडच्या भाषातंत्रज्ञानाच्या लोकांनी आजच हाती घेण्यासारखं आहे, शस्त्रक्रिया इथे सुरू होण्याची वाट न बघता.

तुमच्या माणसाला नुकतंच एएलएसचं निदान झालं असेल आणि वाचा अजून स्पष्ट असेल, तर एक गोष्ट या आठवड्यात करा. त्यांचा आवाज मुद्रित करून ठेवा. गोष्टी, गप्पा, नावानं मारलेली हाक, सगळं. साधा मोबाईल पुरतो.

धोका किती?

ही मेंदूची शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फिट येणे हे धोके आहेतच. २०२३ मध्ये ब्रेनगेटने १४ जणांचा हिशेब प्रसिद्ध केला. सगळ्यांचे मिळून १२,२०३ दिवस उपकरण शरीरात होतं. उपकरणाशी संबंधित ६८ तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यांपैकी ६ गंभीर. कवटीच्या आत संसर्ग झाला नाही, उपकरणामुळे कुणी दगावलं नाही, कुणाचं अपंगत्व कायमचं वाढलं नाही. आकडे दिलासा देणारे आहेत, पण माणसं १४च आहेत. शिवाय काळ जातो तसे काही इलेक्ट्रोडचे संकेत क्षीण होत जातात.

वडिलांना अर्धांगवायू आहे, उजवी बाजू गेली आहे. हे त्यांच्यासाठी आहे का?

बहुधा नाही. वर सांगितलेले मेंदूतल्या जाळीचे अभ्यास चारही हातपाय गेलेल्यांसाठी आहेत. एका बाजूच्या झटक्यात दुसरी बाजू चालते, त्यामुळे शस्त्रक्रियेचा धोका आणि लाभ यांचं गणित बदलतं. त्यांच्यासाठी वेगळे प्रयत्न आहेत. मानेतल्या व्हेगस नसेला व्यायामाच्या नेमक्या क्षणी उत्तेजन देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली. पण कुठल्याही उपकरणात मूळ औषध सराव हेच आहे. हात दिवसाकाठी शेकडो वेळा हलवावा लागतो, आणि फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येऊन जाण्याने ते होत नाही.

आम्हाला भाग घेता येईल का?

ब्रेनगेटची केंद्रं अमेरिकेत आहेत. सहभागी प्रौढ असावा लागतो, आणि केंद्रापासून काही तासांच्या अंतरावर राहणारा, कारण संशोधक नियमितपणे घरी येऊन सत्रं घेतात. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी चौकशी करायला हरकत नाही. इथून त्यासाठी विमानानं जाण्यात अर्थ नाही.

आणि आत शिरण्याआधी हे मनाशी पक्कं करा की अभ्यास हा उपचार नाही. संमतिपत्रातच लिहिलेलं असतं की सहभागीला स्वतःला फायदा होईल असं गृहीत धरू नये. अभ्यास संपल्यावर उपकरणाचं काय होणार, हे लेखी विचारा. ऑस्ट्रेलियात फिटची पूर्वसूचना देणारं मेंदूतलं उपकरण एका बाईंना, कंपनीचे पैसे संपल्यामुळे, इच्छा नसताना काढून टाकावं लागलं होतं. त्या उपकरणाशिवाय आपण अपुऱ्या आहोत असं त्यांना नंतरही वाटत राहिलं.

एका क्लिनिकमध्ये स्टेम सेलने मज्जारज्जू बरा करतात म्हणे. काही लाख रुपये सांगितले आहेत.

देऊ नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी ‘ट्रायल आहे’ म्हणालं तर नोंदणी क्रमांक मागा. भारतात औषधं-उपकरणांच्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवाव्या लागतात आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही बघता येते. क्रमांक मिळत नसेल किंवा बिल मिळत असेल, तर ती चाचणी नाही. यासाठी शेत गहाण टाकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्या पैशांत चांगली गादी, चांगली चाकाची खुर्ची आणि वर्षभराचा व्यायाम झाला असता.

मग आज, घरी, काय करता येईल?

आधी संवाद. मस्तिष्कस्तंभाच्या झटक्यानंतर काही माणसं पूर्ण शुद्धीत असतात, पण डोळे वरखाली करणं आणि पापणी मिटणं एवढंच त्यांच्या हाती उरतं. बाहेरून ती बेशुद्ध वाटतात. अशा ४४ जणांवरच्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक वेळा शुद्ध आहे हे आधी घरच्यांच्या लक्षात आलं होतं, डॉक्टरांच्या नव्हे. त्यामुळे तुम्हाला शंका आली तर ती रेटून सांगा. त्यांना म्हणा, ‘ऐकू येत असेल तर वर बघा.’ थांबा. पुन्हा विचारा, वेगवेगळ्या वेळी.

हो-नाही जमलं की अक्षरांकडे या. यासाठी आपली वर्णमाला फार सोयीची आहे, कारण ती आधीच ओळींत मांडलेली आहे. स्वर, क, च, ट, त, प, य, श अशा ओळींची नावं सावकाश म्हणायची. हवी ती ओळ आली की ते वर बघतील. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक म्हणायची. मात्रा सोडून द्या. ‘प’ आणि ‘ण’ मिळाले की पाणी कळतं. रोजच्या गरजांचा वेगळा तक्ता करा : दुखतंय, कूस बदला, सक्शन (कफ ओढून काढा), तहान, पंखा, एकटं राहू द्या. शेवटचं विसरू नका. वाक्य त्यांनाच पूर्ण करू द्या, घाईने अंदाज बांधून मध्ये बोलू नका. डोळ्यांवर चालणारा संगणक पुढे घेता येईल. तो मिळेपर्यंत पुठ्ठ्यावरचा तक्ता पुरतो, आणि वीज गेल्यावरही चालतो.

शरीराचं म्हणाल तर दर दोन तासांनी कूस बदलणं, सांधे आखडू न देणं आणि लघवीची नळी स्वच्छ ठेवणं. उद्या कुठलंही तंत्र इथे आलं तरी आखडलेल्या बोटांना आणि शय्याव्रणांनी पोखरलेल्या शरीराला त्याचा उपयोग करून घेता येणार नाही. मुंबईत हाजी अलीचं अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थान ही सरकारी संस्था आहे, तिथे हे शिकवतात. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्डही लवकर काढून घ्या. सरकारी योजनांसाठी ते पुढे लागतंच.

बोलता न येणाऱ्याची संमती कशी घेतात?

त्याच्याकडूनच घेतात, डोळ्यांनी, अक्षरतक्त्याने, जे साधन असेल त्याने. वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. संमती दिल्यावरही कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं. मुलगा हो म्हणाला, सून हो म्हणाली, एवढ्यावर शुद्धीतल्या माणसाच्या डोक्याला हात लावता येत नाही. घरी तुम्ही जे निर्णय घेता त्यांनाही हाच नियम लावा : जेवण कधी, टीव्ही कुठला, भेटायला कोण यावं, सगळं त्यांना विचारून.